ताईच्या सवतीवर बंदी

ज्या दिवशी तो नियम आला, त्या दिवशी माझ्या ताईने केक केला आणि भाऊजींनी त्याला हात लावला नाही. टेबलाच्या एका टोकाला ताई गुणगुणत सुरी पुसत होती आणि दुसऱ्या टोकाला भाऊजी सुतकी चेहरा करून बसले होते. मी मध्ये. माझ्या वाट्याचा तुकडा मी खाल्ला, मग भाऊजींच्या वाट्याचाही खाल्ला. कोणाच्या दुःखापायी चांगलं लोणी वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शर्यतीच्या मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात ते लेथवर पिस्टन कातायचे, आणि त्याच कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. साध्यासुध्या शर्यती नव्हेत, सगळ्यात वरच्या. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या पोटात वरखाली धावणारी, उपड्या वाटीएवढी वस्तू. ती जितकी हलकी, तितकं इंजिन जोरात फिरतं. एवढं कळलं की आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण आलं. उरलेलं निम्मं आमच्या साहेबांनाही अजून पुरतं आलेलं नाही.

हलकेपणाच्या या हव्यासातूनच आमच्याकडे तो धातू आला. अ‍ॅल्युमिनियममध्ये बेरिलियम नावाचा धातू मिसळलेला. आत पोकळ आहे की काय असं वाटावं इतका हलका, आणि ताठ असा की लेथच्या तीन दातांच्या जबड्यात, म्हणजे आम्ही ज्याला चक म्हणतो त्यात, कितीही आवळा, पठ्ठ्या तसूभर दबायचा नाही. पण त्याची धूळ वाईट. छातीत गेली की तिथेच मुक्काम ठोकते. म्हणून त्याच्यासाठी शॉपच्या, म्हणजे लेथ चालतात त्या मोठ्या शेडच्या, कोपऱ्यात काचेची बंद खोली बांधली होती, आणि त्या खोलीत भाऊजी. अंगभर पांढरा पोशाख, डोक्यावर टोप, हवेची नळी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. स्टोअरमधून काही हवं असलं की ते काचेतून हातवारे करायचे आणि मी दोन दारांच्या खिडकीतून वस्तू आत सरकवायची. भाऊजी मूळचे भारी बोलके. दिवसभर त्या खोलीत मुक्याने काढायचे आणि बाहेर आले की सगळं साठलेलं आमच्या डोक्यावर ओतायचे.

ताई त्या धातूला सवत म्हणायची. "आली का सवतीकडून स्वारी?" हा तिचा रोजचा प्रश्न. भाऊजी हसायचे, पण सवतीबद्दल वावगा शब्द खपवून घ्यायचे नाहीत. हे काम करायला मिळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आपण त्यातले एक, याचा त्यांना अभिमान होता. तो असायलाच हवा होता. त्यांनी कातलेला पिस्टन उजेडात धरला की मलासुद्धा, रोज पिस्टन बघणाऱ्या बाईला, हेवा वाटायचा.

आता घरातली गोष्ट. खोलीतून बाहेर पडताना अंघोळ करायची आणि कपडे बदलायचे, हा कारखान्याचा नियम. भाऊजींचा नियम त्याच्या वरचा. घरी आल्यावर मागच्या दाराने पुन्हा न्हाणीघरात, पुन्हा अंघोळ, नखं ब्रशने घासायची, आणि ते सगळं होईपर्यंत कोणी त्यांना शिवायचं नाही. कारखान्याचे डॉक्टर म्हणायचे, "अहो, तुमची तपासणी दरवर्षी स्वच्छ येते, एवढ्याची गरज नाही." त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टरसाहेब, मुलगी माझी आहे."

ती मुलगी म्हणजे भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, आणि आता तिचं लग्न झालं तरी सुटलेलं नाही. दुडूदुडू धावायला लागली तेव्हापासून बाप दारात दिसला की ती झेपावायची, आणि भाऊजी चोर पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून मागे सरायचे. पोर रडून घर डोक्यावर घ्यायची. शेवटी भाऊजींनी युक्ती काढली. ती आतून दोनदा टाळ्या वाजवणार, ते दारातून दोनदा टाळ्या वाजवणार. झाली भेट. मग ते अंघोळीला जायचे आणि बाहेर येईपर्यंत बऱ्याचदा ती झोपून गेलेली असायची. मग ते पालथ्या हाताने, बोटं न लावता, तिचे केस सारखे करायचे. पुढे शाळेत कोणाचं कौतुक करायचं असलं की आमच्या भिंगरीची टाळी सगळ्यात मोठी. ते सांगताना ताईचे डोळे भरून यायचे आणि मी काहीतरी वाकडं बोलून विषय बदलायची.

तर तो नियम. शर्यतींचे नियम करणाऱ्या मंडळींनी फार शहाणपणा केला होता. त्यात धातूचं नावच नव्हतं. इंजिनातला कुठलाही धातू वजनाच्या मानाने अमक्यापेक्षा जास्त ताठ असता कामा नये, एवढंच लिहिलं होतं. आता आमच्या शॉपमध्ये तसा धातू एकच. लेकी बोले सुने लागे. असल्या महागड्या धातूंवर सगळ्यांनी पैसा ओतत बसू नये आणि ती धूळही कोणाच्या वाट्याला येऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला विचाराल तर त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही.

आमच्या मोठ्या साहेबांनी पळवाट शोधून पाहिली. बेरिलियमची भर थोडी कमी करू, म्हणाले. नियमात बसेना. आणखी कमी केली. तरी बसेना. कमी करत करत शेवटी हातात उरलं ते साधं अ‍ॅल्युमिनियमच. मग साहेब म्हणाले, ठीक आहे, अ‍ॅल्युमिनियमच वापरू, आणि जणू काही हा शोध आपणच लावला अशा थाटात निघून गेले.

काचेची खोली धुवून, पुसून, तपासून बंद झाली. भाऊजी शेवटच्या दिवशी बराच वेळ काचेला हात लावून उभे होते. मला त्यांची चेष्टा करायची होती, पण त्या दिवशी जमलं नाही.

आणि लगेच तो फोन आला. तो माझ्याच काउंटरवर आला, म्हणून मला कळलं. दुसऱ्या शहरात दुर्बिणींचे आरसे बनवणारा कारखाना होता. तिथे शर्यतींचे नियम लागू नव्हते, आणि भाऊजींच्या त्या लाडक्या धातूला मोठा मान होता. त्यांच्या काचेच्या खोलीला मुख्य कारागीर हवा होता. भाऊजींनी फोन ठेवला आणि इकडे तिकडे बघून म्हणाले, "मेव्हणीबाई, ताईला एवढ्यात काही बोलू नका."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी म्हटलं.

"अजून हो म्हटलेलं नाही मी."

"नाही पण म्हटलेलं नाही ना."

अर्थात मी ताईला त्याच संध्याकाळी सांगितलं. बहीण कशाला असते मग? ताई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही." भाऊजी म्हणाले, "इथे राहून या वयात शिकाऊ होऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचं काम शॉपमध्ये दुसरीच माणसं करत होती, आणि भाऊजींनी साध्या अ‍ॅल्युमिनियमला हात लावून जमाना झाला होता. भिंगरीला तेव्हा दिवस गेलेले होते. तिच्या पोटातल्या बाळाबद्दल भाऊजींनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की मी या कामात आहे तोवर बाळाला दारातूनच बघणार. आरशांच्या कारखान्याला हो म्हटलं तर नातवंडाच्या वाट्यालाही टाळ्याच येणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आरसेवाल्यांनी मुदत दिली. नवीन पिस्टनचं इंजिन आमच्या टेस्ट बेंचवर चढेपर्यंत थांबतो, म्हणाले. तोवर भाऊजींना अ‍ॅल्युमिनियमच्या लेथवर बसवलं. त्या लेथवर एक बाई होती, भिंगरीपेक्षा थोडीशीच मोठी, चष्मेवाली, कामात वाघीण. तिने भाऊजींना शिकवायचं, असं ठरलं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. ती म्हणाली, "मग छडी आणू का?"

छडी आणायची वेळ लवकरच आली. भाऊजींनी पहिला पिस्टन कातला. फिरत असताना बघितला, सुंदर. चकमध्ये होता तोवर मोजला, अचूक. भाऊजींनी मान डोलावली, चक सैल केला, पिस्टन हातात घेतला, पुन्हा मोजला, आणि त्यांचा चेहरा पडला. पिस्टन तसाही अगदी गोल कधीच नसतो, पण या गड्याला चक्क तीन कोपरे फुटले होते. झालं होतं असं की इतकी वर्षं त्या ताठ धातूला आवळायची हाताला सवय, तेवढ्याच जोराने त्यांनी अ‍ॅल्युमिनियम आवळलं. ते बिचारं दबलं. दबलेल्या अवस्थेत त्यांनी त्याला गोल केलं, आणि मोकळं सोडल्यावर ते आपल्या मूळ जागी परत आलं. ही चूक शॉपमध्ये दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. शिकाऊ पोरंसुद्धा अ‍ॅल्युमिनियम असं आवळत नाहीत.

शॉपमधले सगळे आपापल्या मशीनकडे वळले. भाऊजींचा पिस्टन, कोण बोलणार? मास्तरीणबाईंनी तो हातात घेतला, तीन बाजूंनी फिरवून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "छान झालाय. पण मग इंजिनही तिकोनी करावं लागेल."

आधी भाऊजी हसले. एकदा हसले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, लेथला धरून उभे राहिले. त्यांचं हसणं ऐकून मी स्टोअर सोडून आले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कामाच्या वेळी या माणसाचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकलेलाच नव्हता. काचेच्या मागे ते हसले असतील तरी आम्हाला दिसलं असेल, ऐकू आलं नसेल.

तो तिकोनी पिस्टन चहाच्या टेबलावर चमचे ठेवायला लागला. मास्तरीण भाऊजींच्या मागून जाता येता एकच वाक्य म्हणायची, "काका, चक सैल." बाकीच्यांनीही ते उचललं. कोणी कोणावर चिडलं की दुसरा म्हणायचा, चक सैल. मोठे साहेब एकदा तावातावाने काहीतरी बोलत होते तर मागून कोणीतरी हळूच तेच म्हटलं. कोण ते मी सांगणार नाही, स्टोअर सांभाळायचं आहे मला.

आणि भाऊजी खुलत गेले. पिस्टन उघड्या हाताने फिरवायचे, कडेवरून अंगठा न्यायचे, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचे. तेलाचा वास येतो म्हणून खूश व्हायचे. आम्हाला त्या वासाने मळमळतं, त्यांना कौतुक. शीळ घालायला लागले. शीळ अतिशय बेसूर, पण हौसेला मोल नाही. दिवसभर बोलून झालेलं असल्यामुळे घरी आल्यावर कमी बोलायला लागले, आणि ताई मला म्हणाली, "यांना बरं नाहीये का?"

पण दारातल्या टाळ्या तशाच. मागच्या दाराने न्हाणीघर, दुसरी अंघोळ, नखं, सगळं तसंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, "भाऊजी, अहो अ‍ॅल्युमिनियमच आहे. ताईच्या पातेल्याला काय अंघोळ घालून जवळ घेता का?" ते म्हणाले, "अजून आरसेवाल्यांना उत्तर दिलेलं नाही. उगाच सवय मोडून ठेवू नये." तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. खरा राग. मी दोन दिवस त्यांना हवी ती हत्यारं मुद्दाम उशिरा दिली.

भिंगरीला मुलगी झाली. आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. ताईने बाळ घेतलं, मी घेतलं, जावयाच्या आईने घेतलं. भाऊजी खोलीच्या दारातच उभे. नवा शर्ट, केस नीट विंचरलेले, त्या दिवशी किती अंघोळी करून आले होते ते देव जाणे. आणि तिथून त्यांनी बाळाकडे बघून हळूच दोनदा टाळ्या वाजवल्या.

भिंगरीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पलंगावर उठून बसली. "बाबा," ती म्हणाली, "मी टाळ्यांवर वाढले. माझी मुलगी नाही वाढणार. त्या आरशांच्या लोकांना काय ते उत्तर द्या, आणि मग आत या."

"अगं, पण..."

"हो म्हटलंत तरी मी रागावणार नाही. पण मग मला तसं सांगा. दारात उभे राहू नका."

भाऊजी दारातूनच मागे फिरले. परत येताना गाडीत त्यांनी शीळ घातली नाही. मला वाईट वाटलं, आणि ती बेसूर शीळ आपण इतकी मनावर घेतली होती हे कळून स्वतःचंच नवलही वाटलं.

इंजिन बेंचवर चढलं तो दिवस कोरडा आणि स्वच्छ होता. बेंच म्हणजे जाड भिंतींची खोली. तिथे इंजिन एका जागी बांधून, शर्यतीत पळेल त्यापेक्षा जास्त पळवतात. आतले सगळे पिस्टन भाऊजींनी आणि मास्तरणीने मिळून कातलेले होते. भाऊजी खिडकीशी, मास्तरीण त्यांच्या शेजारी, तिच्या शेजारी मी. काउंटरवर "आत्ता येते" अशी पाटी लावून आले होते. इंजिन सुरू झालं. जमीन थरथरली. जुन्या इंजिनाचा आवाज बारीक आणि चिरका असायचा, याचा थोडा भरदार होता. पहिल्या फेरीत काही झालं नाही. मग त्यांनी त्याला आणखी पळवलं. मग आणखी. मास्तरणीने माझा दंड इतका आवळून धरला होता की मी तिला म्हटलं, "बाई, चक सैल."

दुपारनंतर इंजिन थांबवून उघडलं. पिस्टन बाहेर काढले. काळे पडलेले, तेलकट, पण शाबूत, एकालाही भेग नाही. मोठ्या साहेबांनी आकडे वाचून दाखवले. जुन्या धातूपेक्षा जोर थोडा कमी होता. पण नियम सगळ्यांनाच होता, त्यामुळे सगळ्यांचाच कमी होणार होता. "पळेल," साहेब म्हणाले. "मस्त पळेल." मास्तरणीने भाऊजींपुढे हात केला. भाऊजींनी आपला हात अंगातल्या डांगरीला पुसला आणि मिळवला.

मग ते सरळ माझ्या काउंटरवर आले आणि त्यांनी फोन मागितला. मी पाटी उलटी केली आणि जागची हलले नाही. बहीण म्हणून माझा तेवढा हक्क होता.

"नमस्कार," भाऊजी फोनवर म्हणाले. "तुमचा निरोप मिळाला होता. तुम्ही थांबलात, आभार. धातू फार सुंदर आहे तुमचा, माझ्याइतकं ते कोणाला माहीत नसेल. पण मला आता हात लावून काम करायची सवय लागली." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. भाऊजी ऐकत होते आणि माझ्या काउंटरवरचा एक पिस्टन उगाच अंगठ्याने फिरवत होते. "नाही, नाही. विचार करूनच बोलतोय. दुसरा माणूस शोधा. आणि त्याला सांगा, घरी जाऊन दुसरी अंघोळ केलीच पाहिजे असं नाही."

फोन ठेवला आणि ते लेथकडे गेले, कारण सुटी व्हायला अवकाश होता आणि एक पिस्टन अर्धा कातून ठेवलेला होता. मी मात्र तोच फोन उचलला आणि भिंगरीला लावला. मला एवढंच म्हणायला सुचलं, "गेटवर ये. बाळाला घेऊन ये."

सुटी झाली तेव्हा भिंगरी गेटबाहेरच्या फुटपाथवर उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर, शेजारी ताई. मी भाऊजींच्या मागून चालत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. अंगावर तीच डांगरी, बोटांना तेल, बाह्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा चमचमणारा कीस. समोर लेक दिसली आणि ते जागच्या जागी थांबले. त्यांचे हात आपोआप वर आले. दोन टाळ्या.

भिंगरी चालत पुढे आली. जवळ आली तसे भाऊजी एक पाऊल मागे सरले आणि त्यांची पाठ माझ्यावर आदळली. मी हलले नाही.

"फोन केला मी," भाऊजी म्हणाले. "नाही म्हटलं त्यांना."

"मावशीने सांगितलं."

"घरी जाऊन हात तरी धुतो. तेल आहे, बघ."

"तेलच आहे ना, बाबा?"

"हो. तेलच आहे."

तिने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. भाऊजींनी श्वास रोखून धरला आणि बाळाला असं घट्ट पकडलं की ते भुवया उंचावून त्यांच्याकडे बघायला लागलं. मला राहवलं नाही. "भाऊजी," मी म्हटलं, "चक सैल."

त्यांनी हात सैल केले. बाळ त्यांच्या कोपराच्या घडीत नीट बसलं आणि त्याने त्यांच्या डांगरीचं बटण मुठीत धरलं. भाऊजींनी एक बोट, तेलाचं, उघडं, त्याच्या गालाला लावलं. गालावर काळा डाग पडला आणि जावळात किसाचा एक तुकडा अडकून चमकायला लागला. ताई, जी घरात धुळीचा कण सहन करत नाही, तिने रुमाल बाहेर काढला आणि तो न वापरता परत ठेवून दिला. भाऊजी रडत होते आणि त्याचबरोबर शीळ घालायचा प्रयत्न करत होते. दोन्ही जमत नव्हतं.

थोड्या वेळाने भिंगरीने बाळ त्यांच्याकडून उचलून ताईकडे दिलं. भाऊजींना वाटलं, झालं, आता घरी जायचं. ते डांगरीला हात पुसायला लागले.

"पुसू नका," भिंगरी म्हणाली. तिने अंगावर पांढराशुभ्र शर्ट घातला होता. "आता मी."